सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्याने परदेशात डोंगर पाहावेत की शहरे?

माचीपेठकर (सातारा) :
नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या रकमेतून एकदाच, बारा रात्रींचा युरोप प्रवास करावा असे आम्ही उभयतांनी ठरवले आहे. दिवाळी आटोपली की नोव्हेंबरच्या मध्यास निघायचे आहे. मात्र काय पाहायचे यावर घरात दोन मते आहेत. सौभाग्यवतींना बर्फाची शिखरे हवी आहेत आणि मला शहरे. बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि प्राग येथे प्रत्येकी चार रात्री असा आराखडा मी केला आहे.

माझे म्हणणे असे. जो माणूस रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो, आषाढात ठोसेघरचा धबधबा आणि भाद्रपदात कासची फुले पाहतो, त्याने आयुष्याची शिल्लक पुन्हा डोंगरच पाहण्यात खर्च करणे म्हणजे स्वतःचे गुऱ्हाळ चालू असताना परगावी रस प्यायला जाण्यासारखे आहे. आपल्याकडे जे नाही ते पाहावे. बुडापेस्टमध्ये १८९६ साली सुरू झालेली भुयारी रेल्वे आजही रोजची प्रवासी वाहतूक करते. प्रागच्या नगरभवनावरील खगोलीय घड्याळ १४१० सालचे आहे आणि तेही चालू आहे. एखादी सार्वजनिक व्यवस्था इतकी वर्षे कशी टिकवली जाते, हे पाहण्याची ज्याला ओढ आहे त्याला शिखरांपेक्षा तेथील रस्ते, पदपथ आणि ट्राम अधिक शिकवतील. विरुद्ध मत असणाऱ्यांनी कारणांसह लिहावे.

मेणवलीघाट (वाई) :
आपल्या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे डोंगर सगळे सारखेच. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा आहे; म्हणूनच पाचगणीचे पठार टेबलासारखे सपाट आहे आणि पांडवगडाच्या कड्यांवर त्या आडव्या पट्ट्या दिसतात. आल्प्स भूखंडांच्या रेट्याने दुमडून वर आले आणि पुढे हिमनद्यांनी त्यांना कोरले. आपल्या कृष्णेची दरी वाहत्या पाण्याने कापली, तर स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेनची दरी बर्फाने खरवडली, त्यामुळे तिचा तळ सपाट आणि दोन्ही भिंती जवळजवळ उभ्या आहेत. तेथील श्टाउबबाख धबधबा सुमारे ३०० मीटर कोसळतो, कारण हिमनदीने मुख्य दरी इतकी खोल खणली की बाजूची दरी वरच लटकत राहिली. ठोसेघर ज्याने डोळे भरून पाहिले आहे, त्यालाच हा फरक चटकन उमगतो. मैदानी मुलखातून आलेला प्रवासी नुसते छायाचित्र काढून पुढे जातो.

न्यूझीलंडमधील मिलफर्ड साउंड घ्या. तेथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे मामला महाबळेश्वरच्याच तोडीचा. पण तेथे कडे थेट समुद्रात उतरतात. आपल्या गुऱ्हाळाची उपमा म्हणूनच मला पटत नाही. ज्याच्या घरी गुऱ्हाळ आहे, त्यालाच परगावच्या रसाची खरी चव सांगता येते.

शाहूपुरीवासी (सातारा) :
भूशास्त्र मान्य आहे, परंतु जोखमीबद्दल कोणी बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही चौघे स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोखला गेलो. ३,४५४ मीटर उंचीवरचे ते रेल्वे स्थानक १९१२ सालचे आहे आणि डोंगराच्या पोटातून तेथवर नेलेला लोहमार्ग हे निःसंशय थक्क करणारे काम आहे. पण माणशी दोनशे फ्रँकच्या वर मोजून वर पोहोचल्यावर आम्हांला दिसली ती पांढरी भिंत. दीड तास काचेला नाक लावून उभे राहिलो. तसले धुके जुलैमध्ये यवतेश्वरच्या घाटात फुकट मिळते. शहरात पाऊस आला तर माणूस संग्रहालयात शिरतो, चहा घेतो, ट्राममध्ये बसून राहतो आणि दिवस वाया जात नाही. ज्यांना आयुष्यात एकदाच जायचे आहे, त्यांनी सगळा डाव हवामानावर लावू नये.

मेणवलीघाट (वाई) :
तो दोष शिखराचा नसून आगाऊ बांधलेल्या कार्यक्रमाचा आहे. त्या शिखरावरील कॅमेऱ्याचे थेट चित्र कोणालाही फोनवर पाहता येते. पायथ्याच्या गावी तीन रात्री राहावे आणि सकाळी आकाश पाहूनच तिकीट काढावे. सहलीच्या बसला मात्र मंगळवार म्हणजे मंगळवारच असतो.

विश्रामबागकर (सांगली) :
मी शहरांच्या बाजूचा आहे, पण मूळ लेखकांच्या कारणासाठी नव्हे. पदपथ पाहायला कोणी सात समुद्र ओलांडू नये. संग्रहालयांचेही तसेच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली आणि आपण ती पाहिली. ती महाराजांचीच का, हा वाद वेगळा. सांगायचे इतकेच की वस्तू प्रवास करू शकते, रंगमंदिर करू शकत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटक उभे केले, त्या गावच्या माणसाला व्हिएन्नाच्या ऑपेरागृहात पाऊल ठेवताना काय वाटते, हे मी शब्दांत नेमके सांगू शकणार नाही. ते गृह १८६९ सालचे, १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळालेले आणि १९५५ साली पुन्हा उघडलेले. मागे उभे राहून पाहण्याची तिकिटे अगदी स्वस्तात मिळतात. भाषा एक अक्षर कळली नाही, तरी तीन तास उभा होतो आणि पाय दुखत असल्याचे बाहेर आल्यावर लक्षात आले. आपल्या आराखड्यात बारा रात्री आहेत आणि एकाही रात्रीचे काय करणार, हे लिहिलेले नाही.

बेदाणा (तासगाव) :
आमच्यासारख्यांना निवड करावीच लागत नाही, ती पंचांग करते. द्राक्षबागेची खरड छाटणी एप्रिलमध्ये आणि फळछाटणी ऑक्टोबरमध्ये असल्याने आम्हांला सवड मिळते ती पावसाळ्यात, जेव्हा आल्प्समध्ये ऐन उन्हाळा असतो. आपण नोव्हेंबरमध्ये जात आहात. त्या महिन्यात व्हिएन्नाच्या भागात साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि डोंगरांवरील बऱ्याचशा केबल कार देखभालीसाठी बंद असतात. तेव्हा आवड काहीही असो, नोव्हेंबर हा शहरांचाच महिना आहे.

एक शंका मात्र मांडतो. जिनिव्हा सरोवराच्या काठी लाव्हो नावाचा द्राक्षमळ्यांचा उतार आहे, ज्याला २००७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अकराव्या शतकापासून मठवासीयांनी दगडी बांध घालून तो उतार पायऱ्यापायऱ्यांचा केला आणि आजही तेथे द्राक्षे पिकतात. मी दोन दिवस त्या बांधांवरून हिंडलो. तो निसर्ग म्हणावा की माणसाची करणी, हे मला ठरवता आले नाही. आमच्या मंडपावरच्या बागेपेक्षा तेथील वेली फारच ठेंगण्या, हे जाता जाता सांगतो.

गावभागातली (सांगली) :
वरील शंकेला जोडून लिहिते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या घराचा खालचा मजला पूर्ण पाण्यात होता. त्यानंतर आमच्या कुटुंबाने परदेश प्रवासासाठी नेदरलँड्स निवडले, तेव्हा नातेवाइकांनी ट्यूलिपचे फोटो पाठवायला सांगितले. आम्ही पाहायला गेलो होतो नाइमेखेन. तेथे वाल नदी शहराजवळ वळण घेऊन अरुंद होते आणि पुराचे पाणी तुंबते. तेथील लोकांनी बांध आणखी उंच करण्याऐवजी तो सुमारे ३५० मीटर मागे सरकवला, पन्नासएक घरे उठवली आणि नदीसाठी दुसरे पात्र खणले. मध्ये तयार झालेल्या बेटावर आता लोक फिरायला येतात. त्या नव्या पात्राच्या काठावर उभे राहून मी आमच्या गल्लीचा विचार करत होते. निसर्ग की शहर, असा प्रश्न त्या जागी सुचतच नाही.

माचीपेठकरांना एक विचारते. आपण पाणीपुरवठ्यात काम केले आहे, तर व्हिएन्नाचे पाणी कोठून येते हे पाहिलेत का?

माचीपेठकर (सातारा) :
प्रश्न वर्मी लागला. आज दिवसभर तेच वाचत होतो. व्हिएन्नाने १८७३ साली राक्स आणि श्नेबेर्ग या आल्प्सच्या पूर्व टोकाच्या डोंगरांतील झऱ्यांचे पाणी नळाने शहरात आणले आणि १९१० साली दुसरी वाहिनी टाकली. दोन्ही वाहिन्यांचे पाणी पंपाविना, केवळ उताराने वाहते. कास तलावाचे पाणी साताऱ्यात उताराने येते, हे सांगण्यात माझी सगळी नोकरी सरली. तेव्हा त्या डोंगरांकडे पाठ फिरवून परतणे मला शोभणार नाही, हे मान्य करतो.

मत बदललेले नाही, आराखडा बदलला आहे. बुडापेस्टच्या तीन रात्री, व्हिएन्नाच्या पाच आणि प्रागच्या दोन. उरलेल्या दोन रात्री राक्सजवळच्या झेमरिंग गावी राहू. तेथवर जाणारा घाटातील लोहमार्ग १८५४ साली पूर्ण झाला, म्हणजे आपल्या बोरघाटाच्याही नऊ वर्षे आधी. केबल कार बंद असली तरी आगगाडीच्या खिडकीतून घाट दिसेलच. बर्फ पडला तर सौभाग्यवतींचा विजय, न पडला तर मला बोलणी. व्हिएन्नातील एक रात्र विश्रामबागकरांच्या सल्ल्याने ऑपेराला दिली आहे. मात्र बसून पाहण्याच्या तिकिटांचा दर पाहतो आहे, कारण माझे गुडघे तीन तासांचे नाहीत.

शाहूपुरीवासी (सातारा) :
या बदलाचा एक परिणाम लगेच लक्षात घ्या. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांसाठी मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करावा लागतो आणि दिवस समान असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. चार-चार-चारच्या आराखड्यात, बुडापेस्टला उतरणार असाल तर, तो हंगेरीकडे गेला असता. आता व्हिएन्ना आणि झेमरिंग मिळून ऑस्ट्रियाच्या सात रात्री होतात. हंगेरीसाठी भेटीची वेळ घेतली असल्यास ती रद्द करा आणि हॉटेलांची आरक्षणे नव्या क्रमाने जोडा. प्रवास विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो, तो दोघांचा वेगवेगळा काढावा.