मदत हवी आहे: ट्रेलरला ट्यूब्युलर बॅटरी घ्यावी की लिथियम? गाडीवरून चार्जिंग पुरत नाही

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरचे. आईला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर नेता यावं म्हणून बेळगावच्या उद्यमबागेतून एक छोटा ट्रेलर बांधून घेतलाय. तिचे गुडघे गेलेत, डोंगरावर जमिनीवर झोपणं आता होत नाही. शिवाय इन्सुलिन चालू आहे, त्यामुळे फ्रीज हवाच.

मार्गशीर्ष पौर्णिमेला दोन रात्री राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर फ्रीज बंद. मीटर लावला, 11.6 व्होल्ट. दूध फाटलेलं, आणि इन्सुलिनची न उघडलेली पेनं हातात घेतली तर कोमट लागली. ती टाकून गावात जाऊन नवी आणली. आई काही बोलली नाही, पण मला फार लागलं ते.

सध्या बॅटरी साधी 100 एएचची (अँपिअर-तास), गाडीला लावतात तसली. ही स्टार्टरसाठीच असते, निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर बसते, हे आता कळलं. छतावर 160 वॉटचं पॅनल आहे, पण ट्रेलर आईसाठी कडुलिंबाच्या सावलीत लावला होता, म्हणजे त्याचा उपयोग जवळपास शून्य.

माझा हिशोब असा: फ्रीज दिवसाला साधारण 540 वॉट-तास, पंखा 200, दिवे-मोबाईल 100. मिळून 840, म्हणजे 12 व्होल्टला 70 एएच. दुकानदार 150 एएचची ट्यूब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती, लेड-ॲसिडच) सुचवतो. निम्मी वापरायची धरली तर 75 एएच, जेमतेम एक दिवस. वर पन्नास किलोच्या पुढे वजन, पाणी बघणं, आणि चार्ज होताना गॅस निघतो म्हणून हवा खेळती ठेवायला हवी. आई आतच झोपते, त्यामुळे हे मला पटत नाही. 100 एएचची लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) बारा-तेरा किलोची, हजारेक वॉट-तास बिनधास्त देते. किंमत मात्र जबर.

खरी अडचण चार्जिंगची. इंजिन चालू असताना गाडीच्या बॅटरीवर 14.2 व्होल्ट, ट्रेलरपाशी 13.3. मधे 2.5 चौरस मिमीची सहा मीटर वायर, जाऊन-येऊन बारा मीटर. एवढ्या कमी व्होल्टेजवर बॅटरी पूर्ण भरणार कशी?

म्हणून विचारतो:
लिथियम घेतली तर अल्टरनेटरवर (इंजिनवर चालणारा, गाडीची बॅटरी भरणारा जनरेटर) ताण येतो म्हणतात, मधे डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून ठराविकच करंट घेऊन ट्रेलरच्या बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारा) लावलाच पाहिजे का? माझी गाडी बीएस-6 आहे, म्हणजे तिचा अल्टरनेटर व्होल्टेज कमी-जास्त करणारा असू शकतो. आणि जुना सोलर कंट्रोलर लेड-ॲसिडचा आहे. त्याचं इक्वलायझेशन (मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) बंद होत नसेल तर तो बदलावाच लागेल ना?

अपडेट: खाली प्रतिसादांत सांगितल्याप्रमाणे 16 चौरस मिमीची वायर ओढली, दोन्ही टोकांना फ्यूज टाकले. आता ट्रेलरपाशी 14.0 मिळतात. मनापासून आभार. माघ पौर्णिमेआधी बॅटरी घ्यायची आहे, तेव्हा ज्यांनी प्रत्यक्ष लिथियम वापरलीय त्यांनी डीसी-डीसी चार्जर किती अँपिअरचा घेतला ते सांगा.