निकालानंतर सांगून उपयोग नाही

मुलांना आयटीआयची (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची) वाट कळायला दहावीच्या निकालानंतर शाळेनं एक व्याख्यान ठेवलं की पुरे, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. त्या आठवड्यात पोरगं आणि आई-बाप अकरावीच्या फॉर्मात अडकलेले असतात. त्यापेक्षा नववीतच मुलांना कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली एखादी फौंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतण्याचा कारखाना, दाखवा. मोल्ड म्हणजे साचा कसा तयार होतो, त्यात ओतलेलं कास्टिंग थंड झाल्यावर मशीनवर कसं चढतं, हे बघितलं की फिटर, टर्नर, मशिनिस्ट ही आयटीआयतल्या कोर्सची नावं नुसती नावं राहत नाहीत. (कळंब्याच्या आयटीआयवरून रोज जाणाऱ्या पोरांनासुद्धा आत काय शिकवतात ते माहीत नसतं!) मुलींनाही न्या, त्यांच्या हातात फक्त शिवणकामाचं पत्रक नको.

पालकांची भीती एकच, की आयटीआयला गेलं की पोराचं शिक्षण तिथंच थांबलं. त्यांना सांगा, दोन वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निकच्या (इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या) थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. आणि अप्रेंटिसशिपचा, म्हणजे कारखान्यात काम करत शिकण्याचा, करार नोंदवावा लागतो, विद्यावेतनही द्यावं लागतं. १९६१ चा कायदाच आहे तसा. करार न करता कुणी 'शिकाऊ' म्हणून राबवून घेत असेल, तर पोरानं पहिल्याच दिवशी कागद मागावा.