मदत हवी आहे: एसटीत ९ वर्षं ८ महिने नोकरी, मग राजीनामा. पेन्शन बसेल का?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातून लिहितोय. प्रश्न माझ्या काकांचा आहे. त्यांच्याकडे साधा मोबाइल, म्हणून धागा मी काढतोय.

काका एसटीत कंडक्टर होते. १२ मे १९९७ ला लागले, ३१ जानेवारी २००७ ला राजीनामा दिला. आजोबांना लकवा झाला होता आणि साडेचार एकर वावर पाहायला घरात कोणी नव्हतं. (त्यावरून काकूशी किती भांडणं झाली तो वेगळाच धागा होईल.)

पारावर यावर दोन मतं आहेत. शेजारचे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, म्हणतात, "एसटी म्हणजे सरकारीच, पेन्शन भेटलीच पाह्यजे." तालुक्याला फॉर्म भरून देणारा पोरगा म्हणतो, दहा वर्षं भरली नाहीत, विसरा. काकांनी पोराचं ऐकलं. "जाऊ दे ना बाप्पा, तीन-चार महिन्यानं हुकली तं हुकली."

दोन आठवडे वाचल्यावर मला वाटतं दोघंही चुकतात. गुरुजींना १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांची पेन्शन आहे, शेवटच्या पगाराच्या निम्मी. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना तीही सरसकट नाही. एसटी पडली महामंडळ. राज्य सरकारात विलीनीकरणासाठी २०२१-२२ मध्ये एवढा मोठा संप झाला, तो उगाच का? एसटीवाल्यांना लागू होते ईपीएस-९५, म्हणजे पीएफ कार्यालयाची पेन्शन.

आणि इथंच गंमत आहे. सरकारी नियमात राजीनामा दिला की आधीची सेवा बुडते. म्हणजे काका गुरुजी म्हणतात तसे सरकारी असते, तर आज हाती काहीच नसतं. ईपीएसमध्ये राजीनाम्यानं तसं होत नाही. तिथंही दहा वर्षं लागतात, पण सहा महिने किंवा त्याहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात. साडेनऊ भरली की दहा. २००४ ला काका दीड महिना बिनपगारी रजेवर होते, ते वजा केले तरी नऊ वर्षं सात महिने उरतात.

रक्कम मात्र ऐकून हसू नका. तेव्हा पेन्शनसाठी पगाराची मर्यादा ६,५०० होती. ईपीएसच्या हिशेबानं त्याला नोकरीच्या दहा वर्षांनी गुणून सत्तरनं भागलं तर ९२८ रुपये. २०१४ पासून किमान पेन्शन १,००० आहे, म्हणून १,०००. आमच्या आळीतल्या म्हातारीला श्रावणबाळ योजनेचे १,५०० येतात, ती एक दिवसही नोकरीला नव्हती. काकूला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हजार तं हजार, किराण्याचं तेल तरी निंगते." शिवाय काकांच्या मागं तिलाही पेन्शन राहील, मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता अडचण. नोकरी सोडल्यावर काकांनी पैसे काढले होते. पीएफ काढला तर बिघडत नाही, पण तेव्हाच १०-सी (पेन्शनचे पैसे एकरकमी काढायचा फॉर्म) भरून पेन्शनचेही पैसे उचलले असतील तर खेळ खलास. काकांना आठवत नाही. "साहेबानं जिथं सांगतली तिथं सही केली." पेटीत जुनं बँकेचं पासबुक सापडलं, शाई उडालेली. २००७ च्या पानावर एकच मोठी जमा दिसते, पण खालच्या दोन ओळी उंदरानं खाल्ल्यात. पीएफची एक स्लिप आहे, तिच्यावर जुना खाते नंबर आहे. यूएएन (पीएफचा हल्लीचा कायमचा नंबर) नाही, ते २०१४ नंतरचं.

दुसरी अडचण जन्मतारखेची. टीसीवर जून १९६६, आधारवर १ जानेवारी १९६८. ईपीएसची पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते; टीसी धरली तर ५८ कधीच झाली, म्हणजे मागचे महिनेही निघतात.

माझे प्रश्न:
नुसत्या जुन्या नंबरावरून १०-सी भरला होता की नाही हे कळतं का? कोणाला कळलंय का?
१०-डी वर, म्हणजे महिन्याच्या पेन्शनच्या अर्जावर, डेपोची सही लागते. इतक्या वर्षांनी कोणी मिळवली असेल तर काय काय कागद नेले ते सांगा.

भर: एका सभासदानं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगितलं की दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात पीएफवाल्यांचं 'निधी आपके निकट' शिबिर असतं, स्लिप घेऊन थेट तिथं जा. त्यांचे आभार. या २७ ला काकांना घेऊन जातोय. तोवर कोणी एवढं सांगा: तारीख आधी आधारवर दुरुस्त करून जावं, की टीसी घेऊन तसंच जावं? काकू म्हणते दोन्ही न्या, आणि उंदरानं खाल्लेलं पासबुकही न्या.