सल्ला हवा: १९९० ची एमएक्स-५ (१.६) ट्रॅकसाठी तयार करायची आहे, सुरुवात कुठून?

सुटापाना

गाडी: मझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १९९० चं मॉडेल, १.६ लिटर, पाच गिअर. इंजिन, सस्पेन्शन, डिफरन्शियल सगळं कंपनीचंच.

वापर: वर्षाला सहा-आठ ट्रॅक डे आणि अधूनमधून ऑटोक्रॉस (मैदानावर एकेक गाडी वेळ मोजून चालवायची स्पर्धा). ट्रेलर नाही, त्यामुळे गाडी चालवतच न्यायची आणि चालवतच परत आणायची.

डोक्यात असलेली यादी: कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग आणि शॉक), एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा डिफरन्शियल), एक्झॉस्ट, मोठे ब्रेक, चार पट्ट्यांचा हार्नेस.

तक्रारी: ब्रेक पेडल खोल जातं, ब्रेक फ्लुइडमधली हवा दोनदा काढूनही फरक नाही. उन्हात तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकतो. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) कधी बदलला याची नोंद नाही.

क्रम काय ठेवू आणि यादीतलं काय गाळू? नेमके आकडे द्या, "चांगलं बघून घ्या" नको :)

---

चौदानंबर

यादी बाजूला ठेवा, आधी पेडल. पेडल खोल जातंय पण तळाशी टणक लागतंय का, की स्पंजासारखं दबतंय, की पाय ठेवला की हळूहळू खाली बसतंय? स्पंज म्हणजे हवा. हळूहळू बसणं म्हणजे मास्टर सिलिंडरची सील गेली. खोल पण टणक असेल तर मागच्या कॅलिपरचं अ‍ॅडजस्टमेंट बिघडलंय, आणि या गाडीत बहुतेक वेळा तेच निघतं. मागचे पिस्टन डिस्कपासून लांब राहिलेले असतात, त्यामुळे पेडलचा अर्धा प्रवास त्यांना पुढे ढकलण्यातच संपतो. मग कितीही हवा काढा, पेडल जिथल्या तिथे.

उपाय असा. गाडी स्टँडवर, हँडब्रेक खाली, हँडब्रेकची केबल आतून सैल. मागच्या कॅलिपरच्या पाठीवर १४ च्या पान्याचा एक बोल्ट आहे, तो पूर्ण काढा. घाबरू नका, तिथून फ्लुइड येत नाही. आत ४ मिमीची अ‍ॅलन की बसते. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की पॅड डिस्ककडे जातात. डिस्क हाताने फिरेनाशी झाली की थांबा आणि एक तृतीयांश फेरा उलटा द्या. दोन्ही बाजूंना सारखंच. बोल्ट परत लावा, पेडल दहा-बारा वेळा दाबा आणि हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी आवळा. केबल आधी आवळून पेडल वर आणायचा प्रयत्न केला की मागचे पॅड घासत राहतात आणि डिस्क निळी पडते.

पॅड बदलतानाही पिस्टन याच अ‍ॅलन कीने उलटा फिरवून आत घ्यायचा. क्लॅम्प लावून दाबला की आतली यंत्रणा गेलीच म्हणून समजा.

हे करतानाच स्लाइड पिन काढून बघा. एक पिन जाम झाली असेल तर पॅड तिरका झिजलेला दिसतो. पिन पुसून सिलिकॉन किंवा ब्रेकसाठीचं ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं.

"मोठे ब्रेक" आत्ता गाळा. ताजा डॉट ४ फ्लुइड आणि ट्रॅकचे पॅड पुरतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरा असताना किमान २३०° असतो, ओलावा शोषल्यावर १५५° वर आला तरी प्रमाणात बसतो. म्हणजे दोन वर्षं जुना फ्लुइड घेऊन ट्रॅकवर गेलात तर चौथ्या-पाचव्या फेरीत पेडल जमिनीला टेकणार. डॉट ५ चुकूनही नको, तो सिलिकॉनचा असतो. ५.१ चालतो.

पुढे खरंच गरज पडली तर १.८ मॉडेलच्या डिस्क आणि कॅलिपर ब्रॅकेट आणा. पुढची डिस्क २३५ वरून २५५ मिमी होते, कॅलिपर तेच राहतात.

---

थंडपाणी

वरच्याला +१. आता तापमान आणि बेल्ट. दोन्ही एकदमच करा, कारण बेल्टचं कव्हर काढण्यासाठी पुढचं अर्धं सामान उतरवावंच लागतं आणि वॉटर पंपही बेल्टच्या मागेच आहे.

आधी रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी बघा. मूळ काळी असते. ती तपकिरी झाली असेल तर प्लास्टिक ठिसूळ झालंय, तडा जाणारच. रेडिएटर बदला, टोपीही नवी घ्या. पंखा तपासायला इग्निशन चालू करून इंजिनच्या कप्प्यातल्या डायग्नोसिस बॉक्समधले टीएफए आणि जीएनडी ही टोकं वायरने जोडा, पंखा फिरला पाहिजे.

गाडीखालचं प्लास्टिकचं ताट आहे ना जागेवर? ऑइल बदलताना काढलेलं ताट परत बसलेलंच नाही, अशा कितीतरी गाड्या फिरतात. ते नसलं की हवा रेडिएटरमधून जायच्या ऐवजी खालून पळते आणि काटा वर चढतो. रेडिएटरच्या कडेच्या फटीही फोमने बुजवा.

बेल्टबरोबर बदलायचं: टेन्शनर आणि आयडलर, वॉटर पंप, दोन्ही कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) सील, क्रँकची (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) पुढची सील. बेल्ट बसवताना दोन्ही कॅम पुलींवरच्या खुणांमध्ये बेल्टचे १९ दात मोजा. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पुन्हा मोजा. १.६ चं इंजिन नॉन-इंटरफिअरन्स आहे, बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. पण ट्रेलर नसताना त्याचा काय उपयोग!

हेडच्या (इंजिनचा वरचा भाग) मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर आहे, त्याची ओ-रिंग या वयात कडक झालेलीच असते. तिथून गळणारं तेल खालच्या हीटरच्या नळ्यांवर पडून रबर मऊ करतं आणि मग नळी फुटते ती नेमकी ट्रॅकवर. सेन्सर काढण्याआधी त्याच्या बुडावर आणि हेडवर मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवा.

---

सुटापाना

पेडल खोल आणि टणक आहे, म्हणजे अ‍ॅडजस्टमेंटच. अ‍ॅलन की शोधतो.

ते इंजिन थंड करणारं पाणी मागून फिरवायचं रीरूट किट, ते आत्ताच लावू का? आणि १९९० च्या क्रँकबद्दल काहीबाही वाचलंय, ते काय प्रकरण आहे?

---

थंडपाणी

रीरूट: हे इंजिन मूळ पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं. तिथे पाणी हेडच्या मागच्या टोकातून बाहेर पडायचं. एमएक्स-५ मध्ये इंजिन गाडीच्या लांबीत बसवलं आणि थर्मोस्टॅट पुढे आणला, त्यामुळे पाणी पुढूनच आत, पुढूनच बाहेर आणि चौथा सिलिंडर जास्त तापतो. रीरूटने थर्मोस्टॅट मागे जातो. टर्बो लावणार असाल तर हवंच. कंपनीच्या ताकदीवर, नव्या रेडिएटरसह, गरज नाही. किटसाठी फायरवॉल आणि हेडच्या मधल्या चिंचोळ्या जागेत हात घालून दोन संध्याकाळी घालवाव्या लागतात, त्या रोल बारवर घाला.

क्रँकबद्दल: पुढच्या पुलीतल्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड नाकाची (पुढचं टोक आखूड असलेली) क्रँक, आठ असतील तर लांब नाकाची, आणि मग निश्चिंत राहा.

---

सुटापाना

टॉर्च मारून पाहिलं. चार.

---

चौदानंबर

घाबरून जाऊ नका, पण बेल्टच्या कामात इथे घाई करू नका. आखूड नाकावर पुलीचा बोल्ट नीट आवळला नसेल तर पुली जागेवर धरणारी चावी (की) क्रँकच्या खाचेत हलायला लागते, खाच लांबट होते, कॅमचं टायमिंग मागे सरकतं आणि गाडी मंद होते. इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ठेवून पुली बाजूने बघा, डगमगताना दिसली तर खाच गेली आहे.

उघडल्यावर खाचेच्या कडा काटकोनात आणि धारदार असतील तर नवी की, नवा बोल्ट, आटे साफ, आणि टॉर्क रेंचनेच १०८ ते ११८ न्यूटन-मीटर. लांब नाकाचा आकडा याहून बराच जास्त आहे (१५७ ते १६७), तो इथे लावू नका. इंटरनेटवर दोन्ही आकड्यांची सरमिसळ आहे. इम्पॅक्ट गन काढतानाही नको, लावतानाही नको. क्रँक धरून ठेवायला पाचवा गिअर आणि ब्रेकवर कोणाचा तरी पाय.

खाच थोडीच खाल्लेली असेल तर पृष्ठभाग पूर्ण तेलमुक्त करून नवी की लॉकटाइट ६६० या धातूचे भाग चिकटवणाऱ्या द्रवात बसवतात आणि २४ तास हात लावत नाहीत. कंपनीच्या ताकदीवर ही दुरुस्ती चालते. खाच बोटाला उघड लांबट लागत असेल तर लांब नाकाचं इंजिन शोधा.

सगळं जुळलं की डायग्नोसिस बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी जोडून टायमिंग लाइट लावा. कंपनीचं मूळ ठिणगीचं टायमिंग १०°. कॅम अँगल सेन्सर किंचित फिरवून १४° केलं की मधल्या आरपीएमला प्रतिसाद जाणवण्याइतका सुधारतो. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा. चढावर टकटक ऐकू आली तर १२° वर या. यादीतल्या एक्झॉस्टने आवाजापलीकडे फारसं काही मिळत नाही, हे फुकटात मिळतं.

---

पट्टाबांधा

इतक्या प्रतिसादांत रोल बारचा उल्लेख एकदाच, तोही जाता जाता? उघडी गाडी आहे. ट्रॅकवर जायच्या आधी रोल बार, बाकी सगळं नंतर.

तपासणी सोपी. हेल्मेट घालून आपल्या नेहमीच्या सीटवर बसा. विंडस्क्रीनच्या वरच्या कडेपासून बारच्या माथ्यापर्यंत सरळ काठी धरायला लावा. काठी आणि हेल्मेट यांत साधारण ५ सेंमी अंतर हवं. नसेल तर सीट खाली घ्या किंवा उंच बार आणा. दिसायला शोभेचे जे "स्टाइल बार" मिळतात ते यात धरत नाहीत, त्यांना मागे तिरपे आधारच नसतात. हेल्मेट लागू शकेल तिथे बारला कडक, उच्च घनतेचं पॅडिंग लावा. पाइपवरचा मऊ फोम कामाचा नाही.

बार लावण्याआधी गंज शोधा. छताचं पाणी वाहून नेणारी भोकं सीटबेल्टच्या टॉवरमागे असतात, ती कचऱ्याने बुजली की पाणी सिलमध्ये (दाराखालचा पोकळ भाग) साचतं आणि मागच्या चाकाच्या पुढचा भाग आतून कुजतो. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोका: टणटण आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आधी वेल्डिंग.

चार पट्ट्यांचा हार्नेस गाळाच. आदळल्यावर कंबरेचा पट्टा वर पोटावर सरकतो आणि माणूस खालून निसटतो. सहा पट्ट्यांचा घ्या, तोही पट्ट्यांसाठी भोकं असलेल्या फिक्स्ड-बॅक सीटसोबतच. कंपनीच्या सीटवर कंपनीचाच तीन बिंदूंचा बेल्ट बरा. अर्धवट जोड सगळ्यात वाईट.

---

रबरबुश

कॉइलओव्हरवर मतभेद नोंदवतो. ३० वर्षं जुन्या बुशवर (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी भाग) नवी कॉइलओव्हर लावणं म्हणजे मोडक्या खाटेवर नवी गादी. आधी बुश. पॉली (पॉलियुरेथेन) की रबर यावर वाद आहेत. चालवत न्यायची गाडी असेल तर माझं मत नव्या रबराला. पॉलीला नियमित ग्रीस लागतं, नाहीतर कुईकुई करते आणि अडकते.

रबर बुशचे बोल्ट चाकं हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. हवेत आवळलं की गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. चाकाखाली लाकडी ठोकळे देऊन, गाडी आपल्या वजनावर बसवून मग आवळा.

अलाइनमेंटचे (चाकांचे कोन बदलण्याचे) एक्सेंट्रिक बोल्ट गंजून नळीत अडकलेले असतील असं धरूनच चला. आठवडाभर आधीपासून रोज पेनिट्रेटिंग ऑइल मारा. तरी हलला नाही तर करवत, आणि नवे बोल्ट आधीच आणून ठेवलेले बरे.

सुरुवातीचे आकडे: पुढे कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर कल) -२.५°, मागे -२°, पुढचा टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) शून्य, मागे अगदी थोडा टो-इन, कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे कल) ५° च्या आसपास आणि डावा-उजवा सारखा. गाडी फार खाली पाडू नका, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत ३२० मिमीच्या खाली गेलात की सस्पेन्शन बम्प स्टॉपवर (प्रवासाच्या शेवटचा अडवणारा ठोकळा) चालायला लागतं.

एलएसडी: १.६ चा ६ इंची डिफरन्शियल मुळातच नाजूक, आणि त्यात मिळणारा व्हिस्कस एलएसडी या वयात बहुधा साध्यासारखाच वागतो. पैसे घालायचेच तर १.८ चा ७ इंची टॉर्सन (गिअरवर चालणारा एलएसडी), पण त्यासोबत दोन्ही हाफशाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) आणि प्रोपेलर शाफ्टही लागतो. पहिलं वर्ष त्याशिवाय काढा.

---

ईजीवाला

जरा विषयांतर. १९९३ च्या सिव्हिकला (ईजी) यातलं काय लागू पडतं?

---

रबरबुश

फ्लुइड, पॅड, रेडिएटर तसंच. वेगळं म्हणजे मागच्या ट्रेलिंग आर्मचं मोठं बुश: ते फाटलं की ब्रेक मारताना मागचं चाक स्वतःच टो बदलतं आणि गाडीची शेपूट हलते. पुढे कॅम्बरला कंपनीचं अ‍ॅडजस्टमेंट नाही, वरचा आर्म किंवा त्याचा बॉल जॉइंट बदलावा लागतो. आणि गरम गाडी बंद करून पुन्हा सुरू होत नसेल तर डॅशखालचा मेन रिले. किल्ली ऑन केल्यावर पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकू आली नाही तर रिलेच्या सोल्डरला तडे आहेत. उघडून सांधे पुन्हा सोल्डर करा.

---

सुटापाना

सर्वांचे आभार. नवा क्रम: मागचे कॅलिपर, फ्लुइड, पॅड, मग बेल्ट, क्रँकचा बोल्ट, रेडिएटर, मग रोल बार, मग बुश आणि अलाइनमेंट. एक्झॉस्ट, एलएसडी आणि हार्नेस बाद. टायर १९५/५०-१५ घेतोय, हवा किती ठेवू?

---

चौदानंबर

रोल बारच्या आधी ट्रॅकवर जात नाही आहात ना? मग क्रम बरोबर.

थंड २४ ते २६ पीएसआयने सुरू करा. सेशन संपून पिटमध्ये आल्या आल्या मोजा, गरम ३० च्या आसपास यायला हवी. टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा मारून ठेवा. रेघ बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे, खांद्यावर शाबूत राहिली तर जास्त. घरी निघताना पुन्हा भरायला विसरू नका, आणि चाकांचे नट पहिल्या सेशननंतर थंड झाल्यावर १०० ते ११० न्यूटन-मीटरवर पुन्हा तपासा.