उलट आहे ते
कुणी म्हणतं की लोखंड पाण्यापेक्षा लवकर तापतं, म्हणजे त्याची विशिष्ट उष्माधारकता (१ किलो पदार्थ १ अंशाने तापवायला लागणारी उष्णता) जास्त. नेमकं उलट! १ किलो पाण्याचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात, लोखंडाला जेमतेम ४५०. थोडक्या उष्णतेत भागतं म्हणूनच लोखंड लवकर तापतं. शिशाला तर १३०च्या आसपासच पुरतात.

पण खरी गंमत पुढे आहे. किलोऐवजी मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक संख्या) हिशेब केला, तर लोखंड, तांबं, शिसं सगळेच २५ ज्यूलच्या आसपास येतात. ड्यूलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८१९मध्येच हे दाखवलं होतं. शिशाचा अणू जड, म्हणून एका किलोत अणू कमी आणि उष्णता वाटून घेणारेही कमी. आम्हाला मात्र नुसता तक्ता पाठ करायला लावला होता.