मदत हवी आहे: शिपाई असताना मिळवलेले बॅज अधिकाऱ्याच्या गणवेशावर दाखवायचे का?

नमस्कार मंडळी,

सध्या ऑडी मर्फीची १/१६ स्केलची फिगर रंगवतोय. अमेरिकी पायदळातला हा पोरगा १९४२ मध्ये वय वाढवून सांगून साधा शिपाई म्हणून भरती झाला, स्टाफ सार्जंटपर्यंत चढला आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये लढाई चालू असतानाच त्याला कमिशन (अधिकारीपद) मिळालं. २ जून १९४५ ला साल्झबर्गजवळ मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, गळ्यात पडलं तेव्हा त्याला विसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. मी त्याला १९४५ च्या उन्हाळ्यातला फर्स्ट लेफ्टनंट दाखवतोय. खांद्यावर चंदेरी पट्टी, अंगात पूर्ण गणवेश.

गाडं अडलंय ते छातीवर. गुड कंडक्ट मेडलची, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या पदकाची, लाल फीत (दोन्ही कडांना बारीक पांढऱ्या रेघा) मी रंगवून टाकली होती. एका मित्राने पाहिलं आणि म्हणाला, "हे मेडल फक्त शिपाई-सार्जंट लोकांना मिळतं, अधिकाऱ्याच्या छातीवर कसं येईल?" ते ऐकून मी फीत खरवडली. रात्रभर चुकचुकत राहिलं. त्याने ते कमावलं होतं ना? मग हुद्दा बदलला म्हणून ते गेलं कसं?

तर जाणकारांनी कृपया सांगा:
ही फीत परत रंगवू का? खिशाच्या झाकणावरचे नेमबाजीचे बॅज ठेवू का? आणि बाहीवरच्या तिरक्या सेवा-पट्ट्यांचं काय?

घाई आहे असं नाही, पण वार्निश मारल्यावर हात लावता येणार नाही.

प्रतिसाद १

फीत परत रंगवा, बिनधास्त. मेडल मिळण्यासाठी त्या वेळी शिपाई असावं लागतं. एकदा मिळालं की कमिशननंतरही ते छातीवर राहतं. उलट अधिकाऱ्याच्या फितींत ती लाल फीत दिसली की हा माणूस खालून वर आलाय हे बघणाऱ्याला लगेच कळतं. तुमच्या फिगरची सगळी गोष्ट त्या फितीत आहे, ती खरवडू नका.

नेमबाजीचे बॅजही ठेवता येतात. कॉम्बॅट इन्फन्ट्री बॅज, म्हणजे निळ्या पट्टीवरची बंदूक, तर हवाच, फितींच्या वर. तो शिपाई आणि अधिकारी दोघांनाही एकच असतो. पॅराशूटच्या पंखांचंही तसंच, हुद्द्याप्रमाणे वेगळे पंख नसतात.

सेवा-पट्ट्या मात्र नकोत. तीन वर्षांमागे एक अशा त्या फक्त शिपाई-सार्जंटांच्या बाहीवर असतात. परदेशातल्या सेवेच्या आडव्या सोनेरी पट्ट्या वेगळ्या, सहा महिन्यांमागे एक, त्या अधिकारीही लावतात. त्या काळी डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर.

प्रतिसाद २

नौदलात गोष्ट जरा वेगळी आहे, पुढे कधी पाणबुडीवाल्याची फिगर केलीत तर उपयोगी पडेल. डॉल्फिनचा बिल्ला खलाशांचा चंदेरी आणि अधिकाऱ्यांचा सोनेरी असतो. खलाशाचा अधिकारी झाला तरी सोनेरी आपोआप मिळत नाही, त्यासाठी नव्याने पात्र ठरावं लागतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बाहीवर तिरकी पट्टी रंगवणारच होतो, वाचलो. आज रात्री लाल रंग पुन्हा काढतो. पांढऱ्या रेघांना तीन शून्य नंबरचा ब्रश जाड पडतोय, कोणी याहून बारीक वापरत असाल तर सांगा.