प्रिंटर नुसता बंद ठेवून शाई वाचत नाही
शाई वाचवायला ड्राफ्ट मोड (कमी शाईची फिकट छपाई) वापरा, नाहीतर महिनाभर प्रिंटर बंदच ठेवा, असं सांगितलं जातं. ड्राफ्ट मोडने शाई वाचते हे बरोबरच, पण महिनाभर प्रिंटर बंद ठेवल्यानेही वाचते हे पटत नाही. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत इंकजेट प्रिंटरच्या नोझलमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई वाळते. मग ती मोकळी करायला हेड क्लीनिंग (नोझल असलेल्या भागाची सफाई) करावं लागतं, आणि त्याची शाई कागदावर न येता थेट वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या आतल्या पॅडमध्ये जाते. त्यापेक्षा आठवड्याला एक नोझल चेक (नोझल नीट चालतात का ते दाखवणारी रेषांची छपाई) काढा, पाठकोऱ्या कागदावर, त्याची पिन काढून. रेषा तुटक दिसली तरच क्लीनिंग, तेही एकदोनदा. नाहीच भरली तर काही तास थांबून पुन्हा चेक.

आणि प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा. भिंतीवरचा स्विच आधी दाबला तर हेड जागेवर जाऊन झाकलं जात नाही, उघडंच वाळतं. कूलरच्या झोतात कागद ठेवू नका, दमट होऊन दोन-दोन ओढले जातात.